अक्षदाचा उजवा हात

१

कर्जतच्या दहिवलीत, नदीकडे उतरणाऱ्या वाटेला नवीनचं घर होतं. घराच्या कडेला एक लांबट खोली. पूर्वी तिच्यात भाताची पोती आढ्याला टेकायची, म्हणून सगळे तिला भाताची खोली म्हणत. आता शेती दीड एकरावर आली होती, नवीन खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जात होता, आणि खोलीत चार पोती, एक मोडका पलंग आणि उंदराचा पिंजरा एवढंच उरलं होतं. मार्चमधल्या एका सकाळी नवीनच्या बायकोने, नम्रताने, ओढणी कमरेला गुंडाळली आणि पोती एकेक करून पडवीत ओढायला सुरुवात केली.

"अगं, काय करतेस?" सासूबाई, विमलबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अक्षदासाठी चित्रांची खोली करतेय, आई."

"चित्रांना खोली कशाला लागती? ओटीवर बसून काढंल की."

"ओटीवर येणारेजाणारे तिचा हात बघतात. मग ती तो फ्रॉकमध्ये लपवते."

विमलबाईंनी पदर खोचून पोत्याचं दुसरं टोक धरलं.

अक्षदा सात वर्षांची. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी बापाच्या मोटरसायकलवरून पडली आणि तिचं उजवं कोपर मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बोटं काही हलेनात. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, जागी व्हायला वेळ घेईल. जूनपर्यंत वाट बघू, नाहीतर हात उघडावा लागेल. तोवर बोटांना काम द्या. माती, रंग, कात्री, जे तिला आवडेल ते.

नम्रता मूळची शेलूची. लग्नाआधी चित्रकलेचा डिप्लोमा करून दोन वर्षं शाळेत शिकवत होती. लग्न झालं, अक्षदा झाली आणि तिचे कुंचले माळ्यावर गेले. ते तिने आता खाली काढले. भिंतींना चुना दिला. मोडक्या पलंगाच्या फळ्यांचं एक बुटकं टेबल नवीनने ठोकून दिलं. लोणच्याच्या बरण्यांत कुंचले उभे राहिले, दोरीला चिमटे लागले आणि एका भिंतीला खालपासून मुलीच्या उंचीपर्यंत खाकी कागद चिकटला. हव्या तशा रेघोट्या मारायला.

रोज तीन वाजता दोघी तिथे बसत. नम्रता अक्षदाच्या मागे मांडी घालून बसायची, तिचा लुळा हात आपल्या हातात घ्यायची आणि खडू कागदावर फिरवायची. गोल, रेघ, पुन्हा गोल.

"आई, हे तू काढतेस," अक्षदा म्हणायची.

"आपण दोघी काढतोय."

२

आठवड्याभरातली गोष्ट. चित्रं संपवून दोघी मागच्या दारी नळावर कुंचले धूत होत्या. नवीन दुसऱ्या पाळीला गेला होता, विमलबाई शेजारी पापड लाटायला. घरात तिसरं कोणी नव्हतं.

नम्रताने नळ बंद केला तेव्हा तिला तो आवाज आला. खर्र... खर्र... खर्र. कागदावर मेणाचा खडू दाबून घासला की होतो तसा. भाताच्या खोलीतून येत होता.

तिने शेजारी पाहिलं. अक्षदा डाव्या हाताने कुंचला बादलीत बुचकळत होती.

"आई, कोण काढतंय?" पोरीने सहज विचारलं.

नम्रता आत गेली. खोलीत कोणी नव्हतं. खाकी कागदाच्या तळाशी, जमिनीपासून वीतभर वर, हिरव्या खडूचा गिरगोटा होता. तो आधीचा की आताचा, तिला आठवेना. हिरवा खडू जमिनीवर भिंतीपासून दाराकडे घरंगळत आला आणि तिच्या पायाशी थांबला.

घूस असेल, तिने मनाशी म्हटलं. या खोलीत वर्षानुवर्षं धान्य होतं, उंदीर-घुशींना वाट ठाऊक आहे. खडूला धक्का लागला असेल. जमीन उताराची असेल.

तिने तोच खडू खोलीच्या मधोमध ठेवला आणि सोडून दिला. तो घरंगळला, पण दाराकडे नव्हे. भिंतीकडे गेला.

त्या दिवशी तिने उंदराचा पिंजरा पुन्हा खोलीत आणून ठेवला. त्यात काही सापडलं नाही.

३

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अक्षदाने गोल काढला.

नम्रता दारात फोनवर बोलत होती. वळून पाहिलं तर पोर एकटीच टेबलाशी बसलेली आणि तिचा उजवा हात चालतोय. निळा खडू बोटांत होता, रेघ वळली, फिरली आणि जिथून निघाली तिथे जाऊन मिळाली. नम्रताच्या हातातला फोन तसाच राहिला. पलीकडून तिची बहीण "हॅलो, हॅलो" करत होती.

संध्याकाळी नवीन आल्या आल्या तिने तो कागद त्याच्यापुढे धरला. अपघात झाल्यापासून तो घरात मान खाली घालून वावरायचा, लेकीच्या हाताकडे बघायचा नाही. त्याने कागद घेतला, ओटीच्या पायरीवर बसला आणि किती तरी वेळ त्या निळ्या गोलावरून बोट फिरवत राहिला. मग उठून दहिवलीच्या नाक्यावर गेला आणि पेढे घेऊन आला.

रोज काहीतरी नवं होऊ लागलं. गोलाला डोळे आले, पाय आले. घर आलं. नम्रताने व्हिडिओ काढून डॉक्टरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, छान, चालू ठेवा.

फक्त एक गोष्ट तिला खटकायची आणि ती कोणापाशी बोलायची नाही. खोलीबाहेर तो हात पहिल्यासारखाच लुळा होता. जेवताना घास धरता येत नव्हता, फ्रॉकचं बटण लागत नव्हतं. खोलीत बसली की चालायचा.

विमलबाई एकदा दारात उभ्या राहून बघत होत्या. बराच वेळ बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "नम्रता, पोरगी खिडकीबाहेर बघतीय गं."

खरंच होतं. शेताच्या बांधावर बगळे उतरले होते, अक्षदा मान वळवून ते मोजत होती. आणि तिचा हात कागदावर घराची कौलं काढत होता, एकाखाली एक.

४

रात्री वेणी घालताना नम्रताने विषय काढला. आवाज अगदी साधा ठेवला.

"अक्षू, तुझा हात आता किती छान चालतो गं. तुला कळतं का, कसा चालतो ते?"

"ती धरते."

"कोण ती?"

"ती. तू धरायचीस तशी. मागं बसते."

नम्रताच्या हातातला पेड सुटला. तो तिने पुन्हा धरला. "कशी दिसते?"

"मागं असती ना. दिसंल कशी?" अक्षदाला प्रश्नच विचित्र वाटला. "आई, घट्ट ओढू नकोस."

दुसऱ्या दिवशी नम्रताने विमलबाईंना विचारलं, या घरात पूर्वी कोणी लहान मूल गेलं होतं का, त्या खोलीत काही झालं होतं का. विमलबाईंनी खूप आठवून पाहिलं. "नाय गं बाय. माझ्या देखत तरी काय नाय. सासूबायनी पण कंदी काय सांगितलं नाय. भात ठेवायचो आमी, आणखी काय?"

एवढंच. धरायला काही धागा नाही. पोरीच्या कल्पना असतात, नम्रताने स्वतःला बजावलं. आपण धरायचो, म्हणून तिला अजून वाटतं कोणीतरी धरतंय. नस जागी होताना असले भास होत असतील. तिने मोबाइलवर शोधून बघितलं, काही तरी तसं सापडलंही, आणि तिला बरं वाटलं.

पण त्या दुपारी ती चित्राकडे न बघता अक्षदाच्या मनगटाकडे बघत बसली. मनगटाच्या गोऱ्या कातडीवर चार ठिकाणी खळगे पडले होते, बोटांनी धरल्यावर पडतात तसे. हात वळला की खळगे सरकत होते.

उठावं, पोरीला उचलावं आणि बाहेर पडावं, असं तिला वाटलं. ती उठली नाही. जून दीड महिन्यावर आला होता. हात चालत होता. कोण का चालवेना, बोटं हलतायत ना, नस हलतेय ना, असं तिच्या मनात आलं, आणि आपल्याच मनातलं ऐकून तिला गार वाटलं. तरी ती बसून राहिली. पुढे आठवडाभर रोज तशीच बसून राहिली.

५

मेच्या सुरुवातीला, सोमवारी, साडेतीनच्या सुमारास विमलबाई चहा टाकत होत्या. नम्रता दूध न्यायला स्वयंपाकघरात आली, आणि अक्षदाची किंकाळी आली.

नम्रता धावली. अक्षदा भिंतीच्या खाकी कागदाशी गुडघ्यांवर होती. उजवा हात गोल फिरत होता, फिरतच होता. खडू झिजून संपला होता, कागद फाटला होता आणि खालच्या चुन्यावर तिची नखं घासत होती. डाव्या हाताने ती उजवा हात ओढत होती.

"सोडत नाय! आई, सोडत नाय गं!"

नम्रताने तिला पोटाशी धरून मागे ओढलं. हात आला नाही. पलीकडून ओढ होती. बैलाने दावं ताणावं तशी आंधळी आणि हट्टी. पोरीचं नुकतंच जुळलेलं कोपर तिला डोळ्यांपुढे दिसलं आणि ती ओरडली, "सोड! सोड तिला!"

ओढ गेली. मायलेकी मागच्या मागे टेबलावर आपटल्या, बरण्या पडल्या, कुंचले विखुरले. दारात विमलबाई चहाचं भांडं हातात घेऊन उभ्या होत्या.

कोपर वाचलं होतं. मनगटावर मात्र चार लालभडक वळ उमटले होते.

नवीनने घरी येऊन सगळं ऐकलं. बायकोवर ओरडेल असं तिला वाटत होतं, पण तो ओरडला नाही. "मी पाडली तिला," तो म्हणाला, "आता ह्यात आणखी काय नको नम्रता. बंद कर ती खोली. रविवारी पोती परत आत टाकतो." त्याने सगळे खडू बाहेर काढले आणि दाराला बाहेरून कडी घातली. विमलबाईंनी उंबऱ्यावर अंगारा टाकला.

६

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला कडी लावलेल्या दारामागून आवाज सुरू झाला. खर्र... खर्र. जरा थांबायचा, पुन्हा यायचा. विमलबाईंनी रेडिओ मोठा केला.

शुक्रवारीही आला. अक्षदा ओटीवर बसून होती, उजवा हात फ्रॉकच्या घडीत. खोली बंद झाल्यापासून तिने खडूला शिवलं नव्हतं.

"आई, तिला खडू नाय सापडत."

"तू तिकडे लक्ष देऊ नकोस."

"बोटानं काढतीय ती. नुसत्या बोटानं."

शनिवारी नम्रताने ठरवलं. उद्या पोती आत गेली की संपलं. हात गेला तर शस्त्रक्रिया होईल, पण आपल्याला मात्र आयुष्यभर कळणार नाही की त्या खोलीत आपण पोरीला कोणाच्या हाती दिलं होतं. तिने अक्षदाला आणि विमलबाईंना शेजारी पाठवलं आणि तीन वाजता खडू घेऊन कडी काढली.

खोलीत उन्हाचा पट्टा पडला होता. चुन्याचा वास होता. बरण्या पडल्या तशाच होत्या. नम्रता टेबलाशी, अक्षदाच्या जागी, दाराकडे पाठ करून बसली. तिने कोरा कागद पुढे घेतला, उजव्या हातात खडू धरला आणि बोटं सैल सोडली. खडूचं टोक कागदावर टेकून राहिलं.

बराच वेळ काही झालं नाही. दूर घाटाखाली रेल्वेच्या इंजिनाने शिटी दिली.

मग तिच्या हातावर हात आला.

गार नव्हता. कोमट होता, कोरडा होता. आणि तिने बांधली होती ती एकेक अटकळ त्या क्षणी कोसळली, कारण तो हात लहान होता. तिच्या मुठीला पुरा वेढा घालता येईना इतका लहान. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला, आणि सगळा जोर त्यांचा. खडू ओढला गेला. रेघ निघाली, वाकडी, दाबलेली, थरथरती. चार वर्षांच्या मुलाची असते तशी. शाळेत तिने अशा शेकडो रेघा पाहिल्या होत्या.

अक्षदाला मदत म्हणून या चिमुरडीने हात धरला नव्हता. हिला स्वतःलाच काढायचं होतं. कोणाच्या तरी हाताशिवाय हिला नीट काढता येत नव्हतं, आणि जो हात पहिल्यांदा सैल मिळाला, तो हिने धरला होता. अक्षदाचा प्रत्येक देखणा गोल, प्रत्येक कौल हिने शिकता शिकता काढलेलं होतं.

नम्रताच्या खांद्यावर हलकासा भार आला. हनुवटीचा. चित्र बघायला मुलं मागून टेकतात तशी कोणीतरी टेकली होती. तिने मान वळवली नाही. नजर तेवढी तिरकी केली. टेबलाच्या कडेवर एक छोटं कोपर टेकलेलं होतं, कोंडा उडून बसावा तसं भुरकट. कोपराच्या वर काय होतं, ते तिने पाहिलं नाही. तिचं धाडस तिथवरच होतं.

नम्रता बोलली, आणि आवाज आला तो वर्गात यायचा तसा.

"ऐक. या खोलीत एक नियम आहे. कोणी कोणाचा हात धरायचा नाही. ज्याचं चित्र त्याने काढायचं. वाकडं आलं तरी चालेल."

हातावरची पकड घट्ट झाली.

"मीसुद्धा धरायची तिचा हात. मीही चुकले. आता मीही धरणार नाही." तिने श्वास घेतला. "तुला मी वेगळा कागद देईन. खडू देईन. रोज देईन, कोणी काढून घेणार नाही. पण तिला सोडायचं. आणि मलाही सोडायचं. आत्ता."

उन्हाचा पट्टा टेबलावरून बोटभर सरकला असेल. मग एकेक करून बोटं उचलली गेली. आधी करंगळी, शेवटी अंगठा.

नम्रताने उठून खोलीच्या पलीकडच्या टोकाला, जमिनीलगत, एक कागद चिकटवला आणि त्याखाली सगळे खडू ओळीने मांडले. बाहेर येऊन ती ओटीवर बसली.

७

नवीनला तिने त्या रात्रीच सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आणि परत धरलं तर?"

"तर त्याच दिवशी पोती आत टाक. मी आडवी येणार नाही."

"मी बसणार तिथं," नवीन म्हणाला. "रोज. पाळी बदलून घेतो."

तो खरंच बसला. पुढचा महिना रोज तीन वाजता तो दाराशी पाटावर बसायचा, पोरीच्या मनगटावर नजर ठेवून. मनगटावर पुन्हा खळगा उमटला नाही. अक्षदाचा हात पहिल्या दिवशी नुसता पडून राहिला, दुसऱ्या दिवशीही. "मला नाय येत," म्हणून ती रडली. नम्रताचे हात शिवशिवत होते, ते तिने मांडीखाली दाबून धरले. पाचव्या दिवशी खडू हातातून तीनदा पडला आणि चौथ्यांदा कागदावर दोन बोटं लांबीची रेघ उमटली. कीडमुंगी चालावी तशी वेडीवाकडी.

"ही माझी हाय," अक्षदा म्हणाली.

पलीकडचा कागद कोराच होता. नम्रता रोज जुना काढून नवा लावायची, खडू पुसून ठेवायची. विमलबाईंनी आधी नाक मुरडलं, मग एक दिवस त्यांनीच विचारलं, "तिला खाऊ-बिऊ ठेवायचा का गं?"

"नको आई. कागद पुरे."

जूनमध्ये डॉक्टरांनी अक्षदाला आपलं बोट धरायला सांगितलं. तिने धरलं. त्यांनी सोडवायचा प्रयत्न केला, पोरीने दात-ओठ खाऊन धरून ठेवलं. नम्रताने नवी चित्रं दाखवली तेव्हा ते म्हणाले, "आधी पाठवलेली फार सुंदर होती. पण मला ही आवडली." हात उघडावा लागणार नव्हता. नवीन दवाखान्याबाहेर गेला आणि मोटरसायकलच्या सीटवर डोकं टेकून रडला.

त्याच आठवड्यात पलीकडच्या कागदावर तीन ठिपके उमटले. हिरवे.

गणपतीनंतर शेजारची पोरं यायला लागली. आधी दोन, मग सात. भाताच्या खोलीत गोंधळ, सांडलेला रंग, मातीचे बैल. नव्या पोरांना अक्षदाच सगळं समजावून द्यायची, कुंचले कुठे, पाणी कुठे. कोणी पलीकडच्या कोपऱ्याकडे गेलं की म्हणायची, "तो कागद तिचा. तिथं नाय काढायचं." पोरं विचारायची, कोणाचा, आणि ती सांगायची, "ती सगळ्यांच्या आधी आलीय." एवढ्याने पोरांचं समाधान व्हायचं. मोठ्या माणसांचं झालं नसतं.

नम्रताची भीती गेली होती असं नाही. सगळी पोरं गेल्यावर त्या कोपऱ्याकडे जाताना तिच्या अंगावर अजून काटा यायचा. पण वर्ग म्हटलं की एखादं मूल असं असतं, ज्याच्याकडे जाताना बाईंना आपला हात स्थिर ठेवावा लागतो. ठिपक्यांच्या रेघा झाल्या होत्या, रेघांचे गुंडाळे. एकदा एक गोल आला होता, टोकं न मिळालेला.

दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवशी ती जुना कागद काढायला वाकली. कागद रिकामा दिसला. मग नजर वर गेली. कागदाच्या वरच्या कडेला, अगदी टोकाला, रेघा दाटीवाटीने जमल्या होत्या, आणि काही कडेवरून निसटून भिंतीच्या चुन्यावर गेल्या होत्या. जिने काढल्या ती उंच झाली होती, तिला आता खाली वाकावं लागत होतं.

नम्रता उठली आणि नवा कागद तिने वीतभर वर लावला.